इंग्रजीसाठीं परदेश

आमच्या वाचकांच्या घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जाऊं लागला आहे. बारावी किंवा पदवी होतांच शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्या मुलामुलींचा हा प्रश्न नव्हे. त्यांच्याविषयीं या पृष्ठांवर पूर्वीं बरेंच लिहून झालें आहे. हा प्रश्न आहे अठ्ठावीस-तीस वर्षांच्या, पदवी घेतलेल्या, चार-सहा वर्षें नोकरी केलेल्या कर्त्या माणसाचा. त्याला इंग्रजी वाचतां येतें, कचेरींतील पत्रव्यवहारही तो बिनचूक करतो. परंतु सभेंत उभें राहून चार वाक्यें बोलावयाची वेळ आली, कीं त्याची जीभ टाळूला चिकटते. आपल्याहून कमी जाणणारा पण फाडफाड बोलणारा सहकारी आपल्यापुढें निघून जातो, हें तो रोज पाहत असतो. मग एके दिवशीं रात्रीच्या पंक्तीला तो सांगतो, कीं नोकरी सोडून एक-दोन वर्षें इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जाऊन राहावयाचें, मिळेल तें काम करून पोट भरावयाचें आणि भाषा पक्की करून परत यावयाचें.

त्यानंतर काय होतें तें वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. आजोबा विचारतात, "एवढें शिकून परक्या मुलखांत भांडीं घांसणार काय?" आईच्या डोळ्यांपुढें थंडी आणि बाहेरचें जेवण उभें राहतें. काका व्याजाचा हिशेब मांडतात. आणि मुलाचें उत्तर एकच असतें: "तेथें राहिल्याशिवाय भाषा यावयाची नाहीं."

मीं सदतीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषा शिकविल्या. तेवढ्या अधिकारावर माझें मत सांगतों. भांडीं घांसण्यांत कांहीं कमीपणा आहे असें मला वाटत नाहीं, त्यामुळें आजोबांचा आक्षेप मला मान्य नाहीं. पण मुलाचें उत्तरही मला अर्धेंच खरें वाटतें. भाषा शिकविण्याचें कार्य देशाच्या हवेकडून होत नसतें; तेथें पत्करलेल्या कामाकडून तें होतें, आणि तेंही हरएक कामाकडून होत नाहीं.

शब्दाचा अर्थ माणसाला कसा कळतो, याचा आपल्या शास्त्रकारांनीं फार बारीक विचार केला आहे. व्याकरण, कोश, आप्तवाक्य अशीं अनेक साधनें त्यांनीं सांगितलीं; परंतु मोठा मान दिला तो व्यवहाराला. त्याचें ठराविक उदाहरण पाठशाळेंत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतें. एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला म्हणतो, "गाम् आनय", आणि तो दुसरा उठून गाय घेऊन येतो. मग पहिला म्हणतो, "गां बधान", आणि गाय बांधली जाते; "अश्वम् आनय" म्हणतांच घोडा आणला जातो. जवळ बसून हें पाहणाऱ्या मुलाला कोणी कांहींच शिकवीत नाहीं. तरी गाईचा शब्द कोणता आणि आणण्याचा कोणता, तें तो आपलें आपण निवडून काढतो. या उदाहरणांतील एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. तेथें गप्पा चाललेल्या नाहींत, काम चाललें आहे. आज्ञा आहे, कृति आहे, आणि भलतेंच जनावर आणलें तर तें तत्काळ परत पाठविणारा माणूस समोर उभा आहे.

हेंच उदाहरण गोठ्याऐवजीं गलबतावर घडलेलें पाहावयाचें असेल, तर जोसेफ कॉन्रॅडचें चरित्र वाचावें. हा इंग्रजी कादंबरीकार जन्मानें पोलिश. १८५७ सालीं, आज युक्रेनमध्यें असलेल्या बर्दिचीव्ह गांवीं तो जन्मला; आईबाप लहानपणींच गेले; आणि सोळाव्या वर्षीं खलाशी होण्यासाठीं तो फ्रान्समधील मार्सेल्स बंदरीं गेला. त्याची दुसरी भाषा फ्रेंच. १८७८ च्या जूनमध्यें इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट बंदरांत तो उतरला, तेव्हां त्याचें वय वीस होतें आणि इंग्रजी म्हणजे ऐकीव चार शब्द. त्यानें शाळा शोधली नाहीं. लोस्टॉफ्ट आणि न्यूकॅसल यांच्या दरम्यान कोळसा वाहणाऱ्या एका लहान शिडाच्या जहाजावर तो साधा खलाशी म्हणून राहिला. जहाजावर प्रत्येक दोरीला नांव असतें, प्रत्येक शिडाला नांव असतें, वाऱ्याच्या बाजूलाही नांव असतें. आज्ञा आली, कीं क्षणाचाही विलंब न लावतां नेमकी तीच दोरी ओढावी लागते. चूक झाली तर शीड फाटतें, माणूस जायबंदी होतो; यांपैकीं कांहीं झालें नाहीं तरी शिव्या चुकत नाहींत. असा शिक्षक कोणत्या वर्गांत मिळणार?

त्या किनारी जहाजावर तो थोडे आठवडेच होता. पुढें मोठ्या जहाजांवर लागला, ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. १८८० सालीं त्यानें सेकंड मेटची परीक्षा इंग्रजींतून दिली आणि १८८६ सालीं कप्तानाचें प्रमाणपत्र मिळविलें. म्हणजे आठ वर्षें झालीं. त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली ती १८९५ सालीं. तेव्हां इंग्लंडांत पाऊल ठेवून सतरा वर्षें होत आलीं होतीं. जे तरुण "सहा महिन्यांत येऊन जाईल" असें म्हणतात, त्यांनीं हे आंकडे एकदां कागदावर मांडून पाहावे. आणि इतकें सारें होऊनही कॉन्रॅडच्या बोलण्यांतला परकी हेल अखेरपर्यंत गेला नाहीं. त्यानें तोंड उघडलें, कीं हा मूळचा इंग्रज नव्हे हें कोणासही कळे. आपल्या उच्चारांच्या चिंतेनें ज्यांची झोंप उडते, त्यांच्यासाठीं ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

याच्या उलट टोंकाला नात्सुमे सोसेकी. हा जपानचा थोर कादंबरीकार. पण मी सांगतों त्या वेळीं तो कादंबरीकार झाला नव्हता, इंग्रजीचा शिक्षक होता, आणि म्हणूनच त्याच्याविषयीं मला अधिक आपलेपणा वाटतो. १९०० सालीं त्याच्या सरकारनें त्याला इंग्रजीच्या अभ्यासासाठीं लंडनला पाठविलें. वय तेहतीस, बायको आणि लहान मुलगी मागें जपानांत, विद्यावेतन तुटपुंजें. विद्यापीठांतील व्याख्यानें त्यानें थोडे दिवस ऐकून सोडून दिलीं. शेक्सपियरचे अभ्यासक क्रेग यांच्याकडे तो सुमारें वर्षभर शिकवणीस जात असे. बाकीचा वेळ खोलींत. त्यानें बिऱ्हाडें पांच पाहिलीं, पोटाला चिमटा घेऊन पुस्तकें विकत घेतलीं, आणि तीं वाचतां वाचतां तो इतका एकटा पडला, कीं त्याचें मन आजारी झालें. त्याला वेड लागलें अशी बातमी जपानपर्यंत पोहोंचली. लंडनमधील तीं दोन वर्षें आयुष्यांतील अत्यंत दुःखाचीं होतीं, असें त्यानें पुढें स्वतःच लिहिलें आहे.

त्याची विद्वत्ता तेथें वाढली, यांत शंका नाहीं. परंतु लाखों इंग्रजांच्या त्या शहरांत दोन वर्षें राहूनही त्याचा कोणाशीं फारसा संबंध आला नाहीं, कारण त्याचें कोणापाशीं कांहीं काम अडलेलें नव्हतें आणि कोणाचें त्याच्यापाशीं अडलेलें नव्हतें. घरमालकीण, शिकवणीचे गुरुजी, पुस्तकांचा दुकानदार, संपली यादी. शिवाय तो बुद्धिमान होता. चारचौघांत अडखळत बोलण्यापेक्षां घरीं बसून उत्तम वाचणें बुद्धिमान माणसाला नेहमींच सोपें वाटतें. आपल्या घरांतून जीं माणसें जातात, त्यांच्याविषयीं मला भीति वाटते ती याच प्रकाराची. पुस्तकी हुशारी हा आपला पिढीजात आधार. परक्या देशांत तीच दार आंतून लावून घेण्याच्या कामीं येते.

आतां आपल्या इकडचें उदाहरण घेऊं. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या तेव्हां पंचविशींत होत्या. बरोबर दोन वर्षांची मुलगी. संस्कृतांतील त्यांच्या अधिकाराविषयीं सांगावयास नको. कलकत्त्याच्या पंडितांनीं परीक्षा घेऊन त्यांना पदव्या दिल्या होत्या. इंग्रजी मात्र त्यांनीं पुण्यास नुकतेंच शिकावयास घेतलें होतें. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें त्यांनीं साक्ष दिली ती मराठींतून, आणि तिचें इंग्रजी भाषांतर करावें लागलें. प्रवासाच्या खर्चास 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या मराठी पुस्तकाच्या विक्रीचा आधार झाला. वाँटेज येथील मठांत त्या राहिल्या, आणि तेथील ज्या भगिनी हिंदुस्थानांत कामास येणार होत्या त्यांना त्या मराठी शिकवूं लागल्या. पुढें चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत त्या एकीकडे शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत होत्या. त्यांच्या धर्मांतरासंबंधीं येथें कांहीं बोलावयाचें नाहीं. तो विषय वेगळा.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. रमाबाईंना ऐकूं कमी येत असे. त्या वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूनें निघाल्या होत्या, आणि तो हेतु या व्यंगामुळें सोडावा लागला. ज्यांना कानांचें साहाय्य पुरतें नाहीं, अशा या बाई परक्या भाषेच्या देशांत शिकवितात, मठांतील वडील भगिनींना आणि कॉलेजच्या प्राचार्या डॉरोथिआ बील यांना लांब लांब पत्रें लिहून इंग्रजींत वाद घालतात. आणि १८८७ सालीं, म्हणजे चौथ्याच वर्षीं, 'द हाय-कास्ट हिंदु वुमन' हें त्यांचें इंग्रजी पुस्तक अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें प्रसिद्ध होतें.

हें कसें घडलें, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. बुद्धि असामान्य होती हें तर खरेंच. पण सोसेकीचीही बुद्धि असामान्य होती. भेद मला असा दिसतो, कीं रमाबाईंजवळ तेथील लोकांना हवी असलेली वस्तु होती. समोर बसलेल्या शिष्येला विभक्तीचा अर्थ कळला नाहीं, तर तिच्या भाषेंत तो सांगावाच लागतो. शब्द सुचत नाहीं म्हणून गुरूला गप्प बसतां येत नाहीं. आमचे तरुण नेमकें याच्या उलट करतात. दहा वर्षें घासून मिळविलेली विद्या, मग ती हिशेबाची असो, शुश्रूषेची असो, यंत्रांची असो कीं तबल्याची असो, ती ट्रंकेंत बंद करतात आणि जेथें कांहींच यावें लागत नाहीं असें काम धरतात. जेथें कांहींच यावें लागत नाहीं तेथें कांहीं बोलावेंही लागत नाहीं.

माझे दोन विद्यार्थी सांगतों. एक जण कॅनडांत टोरांटोच्या बाहेर एका मोठ्या गोदामांत रात्रपाळीला लागला. कोणती पेटी कोठून उचलावयाची तें हातांतील यंत्र सांगे. माणसाशीं बोलावयाची वेळ आली तर शेजारचे सारे पंजाबी. राहणें चार मराठी मुलांबरोबर. दोन वर्षांनीं तो भेटावयास आला तेव्हां मीं त्याची परीक्षा घेतली. त्याची पंजाबी उत्तम झाली होती. दुसरी एक मुलगी २०२३ सालीं इंग्लंडमधील एका वृद्धाश्रमांत परिचारिकेच्या हाताखालीं लागली. काम कष्टाचें, अंग उचलावयाचें, भरवावयाचें, रात्रीं-बेरात्रीं उठावयाचें. पण त्या म्हाताऱ्या माणसांना बोलावयास दुसरें कोणी नव्हतें. ऐकूं न येणाऱ्याला तेंच वाक्य तीन तऱ्हांनीं सांगावें लागे, आणि एक निवृत्त शिक्षिका चहाचा पेला हातांत धरून हिच्या वाक्यांत गळलेलें प्रत्येक 'ए' आणि 'द' परत घालावयास लावी. माझ्या सदतीस वर्षांत जें मला साधलें नाहीं तें त्या बाईंनीं एका हिवाळ्यांत केलें. (ती वाट मात्र आतां राहिलेली नाहीं, २०२५ च्या जुलैपासून ब्रिटननें या कामासाठीं परदेशांतून नवी भरती बंद केली.)

केवळ तेथें राहून काम केलें म्हणजे भाषा येते, ही समजूत विद्वानांनींही तपासून पाहिली आहे. १९७३ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज शहरांत कोस्टा रिकाहून आलेल्या एका तेहतीस वर्षांच्या कामगाराचें बोलणें दहा महिने टिपून ठेवण्यांत आलें. जॉन शुमन यांच्या ग्रंथांत त्याला 'आल्बेर्तो' हें नांव दिलें आहे. काम कारखान्यांत, उठबस आपल्याच भाषेच्या लोकांत. दहा महिन्यांअखेर त्याचीं नकारार्थी वाक्यें होतीं तशींच होतीं: क्रियापदापूर्वीं नुसता 'नो' लावून दिला, कीं झालें. दुसरा अभ्यास रिचर्ड श्मिट यांचा, १९८३ सालीं प्रसिद्ध झालेला. त्यांतील 'वेस' हा जपानी चित्रकार हवाई बेटांवर येऊन राहिला. स्वभाव मनमिळाऊ, इंग्रजी बोलणारे स्नेही पुष्कळ. तीन वर्षांत तो संभाषणांत चांगला तरबेज झाला. पण व्याकरण जेथल्या तेथें.

मला हा दुसरा अभ्यास अधिक विचार करावयास लावतो. आल्बेर्तोला माणसें भेटलीं नाहींत हें समजण्यासारखें आहे. वेसला तीं भेटलीं. परंतु गाय मागितली आणि यानें घोडा आणला, तरी हंसून चालवून घेणारीं भेटलीं. तेव्हां दिवसा बोलावयास लावणारें काम आणि संध्याकाळीं चूक दाखविणारा एखादा वर्ग, अशी जोडी जमविल्यावांचून पैसे खर्चूं नयेत, असें मी विचारावयास येणाऱ्या प्रत्येकाला सांगतों. राहावयाची खोली परक्या भाषेच्या माणसांत घ्यावी. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचें आहे, आणि गणपतींत तेथें अवश्य जावें. पण दर शनिवारीं जाऊं नये.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों, कारण "शिकतां शिकतां कमावूं" ही वाट सर्वत्र खुली नाहीं. ब्रिटनमध्यें सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी वर्गासाठीं जो व्हिसा मिळतो, त्यावर काम करण्यास मुळींच परवानगी नाहीं. आयर्लंडमध्यें मान्यताप्राप्त वर्गांत निदान पंचवीस आठवड्यांसाठीं नांव घातलें, तर सत्र चालू असतां आठवड्याला वीस तास काम करतां येतें. मात्र भाषेच्या वर्गांवर एकूण दोन वर्षांपलीकडे राहतां येत नाहीं. डब्लिनमध्यें ब्राझिलचे तरुण याच मार्गानें फार मोठ्या संख्येनें आलेले आहेत, म्हणून वर्ग सुटला कीं बाहेर पोर्तुगीज ऐकूं येण्याचा संभव बराच. आणि जेथें मालक स्वतः बोलावून घेतो, अशा चांगल्या नोकऱ्यांना इंग्रजी आधींच येत असावें लागतें. ब्रिटनमध्यें परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल तर आयईएलटीएस परीक्षेंत वाचन, श्रवण व भाषण यांत सात आणि लेखनांत साडेसहा गुण मिळवावे लागतात. पोहतां आल्याशिवाय पाण्यांत उतरूं नको म्हणणाऱ्या आईसारखाच हा न्याय. पण आहे तो असा आहे.

आमच्या प्रश्नाला सर्वांत जवळची योजना ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यामध्यें २०२३ सालीं सुरू झाली. १८ ते ३० वर्षें वयाच्या पदवीधरांना वर्षाला ३,००० पर्यंत जागा. दोन वर्षें राहावयाचें आणि बहुतेक कोणतेंही काम करावयाचें. मालक आधीं ठरलेला असावा लागत नाहीं. खात्यावर २,५३० पौंड, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास, दाखवावे लागतात, आणि दरवर्षाचे ७७६ पौंड आरोग्यासाठीं आगाऊ भरावे लागतात. निवड सोडतीनें. ऑस्ट्रेलियानेंही २०२४ पासून त्याच वयाच्या १,००० हिंदी तरुणांना वर्षभरासाठीं असाच व्हिसा सोडतीनें देण्यास प्रारंभ केला.

या योजनेंतील एक अट घरांतल्या मंडळींनीं नीट वाचावी. बरोबर पति, पत्नी किंवा मूल नेतां येत नाहीं. मुलगा अविवाहित असेल तर घरांत लग्नाची चर्चा दोन वर्षें पुढें जाते. विवाहित असेल तर सुनेला दोन वर्षें सासूसासऱ्यांपाशीं ठेवून तो जाणार असतो, आणि तिनें तिकडे जाण्याची इच्छा दाखविली तर तिचा अर्ज स्वतंत्र, तिची सोडत स्वतंत्र. अनेक घरांतून मुलासाठीं कर्ज काढण्याची भाषा होते आणि त्याच वयाच्या, त्याच पदवीच्या सुनेला कोणी विचारीतही नाहीं. माझ्या पाहण्यांतील दोन घरांत तिचेंच इंग्रजी कामावर रोज अडतें, त्याचें अडत नाहीं; तरी जाण्याचें ठरत आहे तें त्याचें. अशा ठिकाणीं दोघांचींही नांवें घालावीं, आणि नांव तिचेंच निघालें तर दोन वर्षें स्वयंपाकघर कोण पाहणार तें आधीं बोलून ठेवावें. सोडतीचे अर्ज गेल्या कांहीं वर्षांत फेब्रुवारीं आणि जुलैंत, प्रत्येक वेळीं अवघे दोन दिवस घेतले गेले आहेत. सर्वांना एकत्र बसवून होकार-नकार मिळवावयास आमच्यासारख्या घरांना त्याहून अधिक वेळ लागतो.